मेदूवडा आणि मम्मट

आमच्या नात्यागोत्यात कुणाला समज द्यायची वेळ आली की ते काम माझ्याकडे येतं. वास्तविक मी बँकेतून निवृत्त झालेला साधा माणूस. पण नोकरी करता करता मी तीस वर्षं पुस्तकांची परीक्षणं लिहिली, आणि परीक्षण लिहिणारा माणूस कुणालाही नाउमेद करू शकतो, अशी आमच्या मंडळींची श्रद्धा आहे. ती अगदीच निराधार आहे असं मलाही म्हणवत नाही. माझ्या परीक्षणांनंतर दोन कवी आणि एक कादंबरीकार लिहायचे थांबले. तिघेही पुढे सुखी झाले.

तर परवा धाकट्या बहिणीचा, शकूचा फोन आला.

"दादा, मंदारला जरा समजाव. नोकरी जाऊन चार महिने झाले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरपुढं बसतो. मला वाटलं, अर्ज करतोय. काल मागून जाऊन बघितलं, तर काळ्या पडद्यावर मेदूवडा फिरत होता!"

"मेदूवडा?"

"मेदूवडा. गोल गोल. आणि हा गालावर हात ठेवून बघत बसलेला. तुझं ऐकेल तो. तू वाईट फार छान बोलतोस."

एवढी शाबासकी मला कुठल्या संपादकानंही दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारचा चहा टाळून मी शकूकडे गेलो. टाळून म्हणजे आमच्याकडचा टाळून.

मंदारनं मला बघताच विचारलं, "मामा, आईनं पाठवलं ना तुला?"

"छे छे! सहज आलो."

"सहज येताना तू चष्म्याची दोन्ही घरं आणत नाहीस."

हा मुलगा बेकार कसा राहिला, हे मला त्या क्षणापासून कळेनासं झालं. पण कामाला आलो होतो. म्हटलं, "दाखव तुझा वडा."

त्यानं दाखवला. वाचकहो, मी प्रामाणिकपणे सांगतो, तो खरंच मेदूवडा होता. चित्र म्हणावं तर त्यात एक रेघ नव्हती. सगळी टिंबं, स्वल्पविराम, डॅश, उद्गारचिन्हं आणि डॉलरची चिन्हं. लांबून बघितलं की ह्याच विरामचिन्हांचा एक जाडजूड वडा दिसायचा, आणि तो कढईत झाऱ्यानं उलटावा तसा संथपणे उलटत होता, वर कलत होता, मधल्या भोकातून पलीकडचा अंधार दाखवून पुन्हा आडवा होत होता. एका बाजूनं उजेड पडल्यासारखा तिकडचा भाग ठळक, उरलेला फिकट.

"मामा, ह्याला डोनट म्हणतात."

"गोल आहे, मध्ये भोक आहे, मी ह्याला मेदूवडा म्हणणार. परीक्षकाला तेवढं स्वातंत्र्य असतं."

मग त्यानं मूळ मजकूर दाखवला, म्हणजे ज्या हुकमांमुळे हा वडा फिरतो तो प्रोग्राम. अँडी स्लोन नावाच्या अमेरिकन माणसानं तो २००६ साली सी भाषेत लिहिला. मजकूर जेमतेम अर्धं पान. आणि तो पानावर छापलेला होता तोच मुळी वड्याच्या आकारात! भोवती कंस, अर्धविराम, एकेक अक्षरी नावं यांची खेचाखेच आणि मध्ये कोरं भोक.

मी परीक्षकाच्या सवयीनं लगेच चार आक्षेप नोंदवले. एक, लेखन दुर्बोध आहे. दोन, लेखक स्वतःवर खूश आहे. तीन, आशय म्हणून काही नाही. चार, शेवट नाही. हे चौथं मंदारनंही मान्य केलं. हा वडा कधी थांबतच नाही, तसा हुकूमच त्यात आहे. शेवट नसलेलं साहित्य मी पूर्वीही वाचलंय, पण तिथे निदान पानं संपायची.

"मामा, असं एकाच पुस्तकावरून बोलू नकोस. ही अख्खी परंपरा आहे."

परंपरा म्हटलं की मराठी माणूस खुर्ची पुढे ओढतो. मीही ओढली.

गोष्ट १९८४ सालची. लँडन कर्ट नॉल आणि लॅरी बॅसेल या दोघांना अतिशय किचकट सी प्रोग्राम वाचण्याची पाळी आली. त्यांतला एक स्टीव्हन बोर्न यांचा होता. या गृहस्थांना अल्गोल भाषा इतकी प्रिय, की त्यांनी सी भाषेलाच अल्गोलचं लुगडं नेसवून तो लिहिला होता. वाचून या दोघांचं डोकं उठलं. आपल्याकडे डोकं उठलं की माणूस वाचकांच्या पत्रव्यवहारात पत्र लिहितो. यांनी जगातला सर्वांत दुर्बोध सी प्रोग्राम लिहिण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धाच काढली. हेतू मात्र सोवळा: चांगल्या शैलीचं महत्त्व उपरोधानं पटवणं. म्हणजे स्वच्छतेचा प्रसार करण्यासाठी चिखल उडवण्याची स्पर्धा.

पहिल्याच वर्षी श्यूर्ड म्युलेंडर आणि रॉबर्ट व्हान रेनेसे यांनी अशी कृती पाठवली, की तिच्यात हुकूम असे दिसतच नाहीत. नुसती आकड्यांची रांग! किराणा दुकानाची वही वाटावी. पण ते आकडे म्हणजे प्रत्यक्ष यंत्राच्या पोटातली भाषा होती, आणि तीही पीडीपी-११ आणि व्हॅक्स अशा दोन वेगळ्या यंत्रांना आपापल्या परीनं कळेल अशी. चालवल्यावर काय व्हायचं? एक अपूर्णविराम, एक डॅश आणि एक कंस यांचा हसरा चेहरा पडद्यावरून सरकत जायचा. बस्स. पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं, आणि पुढे यंत्राला असं बांधलेलं लेखन स्पर्धेत चालणार नाही असा नियम करावा लागला. ज्या कृतीमुळे नियम करावा लागतो ती कृती मोठी, हे वाङ्मयातही खरंच आहे.

१९८८ साली ब्रायन वेस्टली यांनी नुसत्या अधोरेखांचं एक वर्तुळ पानावर काढलं. तो प्रोग्राम स्वतःचंच क्षेत्रफळ मोजतो आणि त्यावरून पायची किंमत सांगतो. अधिक अचूक उत्तर हवं? मोठा प्रोग्राम लिहा! २०१२ साली जपानच्या युसुके एंडो यांनी याच्यावर ताण केली. त्यांच्या प्रोग्रामला कुठलाही मजकूर द्या, त्यातली अक्षरं पाण्यासारखी वाहू लागतात, भिंतीवर आपटतात, खाली साचतात. त्याला त्याचाच मजकूर दिला तर तो स्वतःच विरघळून वाहून जातो. काही आत्मचरित्रांना ही सोय हवी होती.

याच कुळातली, पण स्वभावानं सरळ, अशी तोयोदा मासाशी यांची १९९३ची आगगाडी. फायलींची यादी मागताना 'एल-एस'च्या जागी घाईत 'एस-एल' उमटलं, की पडद्यावरून अक्षरांचं वाफेचं इंजिन धूर सोडत जातं. ते पूर्ण जाईपर्यंत हात जोडून उभं राहायचं; मुळात ते मध्येच थांबवायची सोयच ठेवलेली नव्हती. घाईची सवय मोडण्यासाठी हा इलाज. फाटकापाशी उभं राहिलेल्या माणसाला तो सांगायला नको.

एवढं ऐकल्यावर मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. म्हटलं, "मंदार, अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट म्हणून एक पंडित होऊन गेला. त्यानं काव्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. जिथे सुचवलेला अर्थ प्रधान, ते उत्तम. जिथे तो दुय्यम, ते मध्यम. आणि जिथे नुसती शब्दांची कसरत, ते चित्रकाव्य. म्हणजे अधम. भारवीनं 'किरातार्जुनीया'च्या पंधराव्या सर्गात जवळजवळ एक अख्खा श्लोक 'न' या एकाच व्यंजनावर रचला. माघानं 'शिशुपालवधा'च्या एकोणिसाव्या सर्गात कुठूनही वाचा, सारखेच येतील असे श्लोक बांधले. वाचणारा थक्क होतो, पण डोळ्यांत पाणी येत नाही. तुझा वडा त्यातलाच."

"डोळ्यांत पाणी मेदूवड्यानं कसं येईल? त्याला मिसळ लागते."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. पण दुर्लक्ष करता करता माझ्याच मनात एक शंका आली. आपली परंपरा तरी कुठे एवढी सरळ आहे? व्यासांनी गणपतीला लेखनिक नेमला, तेव्हा त्याची अट होती की लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. मग दम खायला वेळ हवा असला की व्यास एक कूटश्लोक टाकायचे. असे आठ हजार आठशे टाकले म्हणतात. आपल्या महानुभावांनी ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना ते उघडले नाहीत. तेव्हा दुर्बोध लिहिलं एवढ्यावरून कुणाला फाशी देता येत नाही. ते उघडल्यावर आत काय निघतं, हे बघावं लागतं.

"आत काय निघतं ते दाखव," मी म्हटलं.

त्यानं आधी दुसरंच दाखवलं. त्याला नोकरीवरून काढल्याचं पत्र. चार परिच्छेद. शुद्ध व्याकरण, समासयुक्त वाक्यं, दोन वेळा 'कृतज्ञता', तीन वेळा 'पुनर्रचना', एकदा 'नव्या संधींकडे वाटचाल'. मी बँकेत परिपत्रकं वाचण्यात आयुष्य घालवलंय, तरी मला ते तीनदा वाचावं लागलं. तिसऱ्या वेळी अर्थ लागला: उद्यापासून येऊ नकोस.

"मामा, हेही दुर्बोधच ना? फक्त हे फिरत नाही."

मी काही बोललो नाही. परीक्षणात आम्ही अशा वेळी 'येथे लेखकाने मौन पत्करले आहे' असं लिहितो.

मग त्यानं वडा उलगडला. तो कसा चालतो ते सांगतो, कारण माझं मत तिथेच बदललं.

पहिली गोष्ट, हा पडदा म्हणजे मुळात टाइपरायटर. आद्य टर्मिनल कागदावर टकटक छापायचे. मग काच आली. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं व्हीटी-१०० हा टर्मिनल काढला: ऐंशी अक्षरं रुंद, चोवीस ओळी उंच. त्याला सत्तावीस क्रमांकाचं एक न दिसणारं अक्षर आणि पुढे एक-दोन चिन्हं पाठवली की छापणारा हात पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात परत जातो. ती खूण आजच्या टर्मिनललाही कळते. वडा फिरतो तो एवढ्यानंच. एक चित्र टाइप करायचं, हात वर न्यायचा, त्याच्यावरच किंचित कललेलं दुसरं चित्र टाइप करायचं. फिरणारं काहीच नाही. पुन्हा पुन्हा टाइप करणारा एक चिवट कारकून आहे.

दुसरी गोष्ट, वडा येतो कुठून? एक छोटं वर्तुळ घ्यायचं, ते मध्यापासून जरा दूर धरायचं आणि गरगर फिरवायचं. वडा तयार. डाळ भिजवायलाही नको. या वड्याच्या अंगावर प्रोग्राम प्रत्येक चित्रासाठी सुमारे २८ हजार ठिपके मोजतो. आणि पडद्यावर घरं किती? बावीस ओळी गुणिले ऐंशी, म्हणजे १,७६०. अठ्ठावीस हजार उतारू आणि सतराशे साठ जागा. आमच्या लोकलचाच हिशेब! पण इथे न्याय आहे. एका जागेवर दोन ठिपके आले, तर बघणाऱ्याच्या जवळचा बसतो, मागचा उतरतो. म्हणून वड्याची पाठ पोटातून दिसत नाही. बसलेल्यावर उजेड किती पडतो तेही मोजतात, आणि बारा चिन्हांतून एक देतात: अंधारात टिंब, पुढे स्वल्पविराम, डॅश, मग चढत चढत उद्गारचिन्ह, तारा, डॉलर, आणि भर उन्हात ॲट.

तिसरी गोष्ट अगदी बारीक. मजकुरात एके ठिकाणी आडव्या मापाला ३० आहे आणि उभ्या मापाला १५.

"हे असं का? अर्धं का?"

"अक्षर रुंदीपेक्षा दुप्पट उंच असतं, मामा. सारखी मापं घेतली तर वडा उभा ताणला जाईल."

मी चष्मा काढला.

१९७१ साली मी एका टायपिंग क्लासला जात होतो. पन्नासचा स्पीड आला की नोकरी, असा तो काळ. एकदा गणेशोत्सवाच्या सुमाराला मी चार दिवस तासानंतर थांबून नुसत्या फुलीच्या अक्षरांचा गणपती टाइप केला. चौकटीच्या कागदावर आधी आखून, घरं मोजून, एकही चूक न करता. पण कागदावर उतरला तो लांबुळका, गालफडं बसलेला, सोंड गुडघ्यापर्यंत. क्लासच्या सरांनी कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. म्हणाले, "हा गणपती आहे, की गणपतीचा उपास चाललाय?" वर्ग हसला. मीही हसलो. कागद फिती पुसायला गेला. त्यानंतर मी टाइपरायटरवर पत्रं टाइप केली, परिपत्रकं केली, पुढे परीक्षणं केली. चित्र केलं नाही. मला वाटलं होतं, माझं मोजमाप चुकलं.

मोजमाप चुकलं नव्हतं. आमच्या मशीनवर इंचात दहा अक्षरं आडवी बसायची आणि सहा ओळी उभ्या. चौकटीच्या कागदावरचा गुबगुबीत गणपती मशीनवर वाळणारच होता. एवढंच कुणी सांगितलं असतं तर काम होतं. सांगायला पन्नास वर्षं आणि एक अमेरिकन वडा लागला.

"मामा, काय झालं?"

"काही नाही. फिरव पुन्हा."

आता परीक्षण. कारण गहिवरलेल्या परीक्षकाइतका बेभरवशाचा प्राणी नाही.

या कृतीत दोष आहेत. मजकूर वड्याच्या आकारात मांडणं ही निव्वळ वेलबुट्टी. मोकळ्या जागा काढून टाकल्या तरी वडा तसाच फिरतो. वेस्टलींच्या वर्तुळाचं तसं नाही. तिथे आकार हाच हिशेब आहे, आकार मोडला तर उत्तर मोडलं. त्या कसोटीवर वेस्टली वरचढ. खोडकरपणात १९८४चा हसरा चेहरा वरचढ. शिवाय या प्रकाराचं अनुकरण फार होतं, आणि अनुकरण करणारे फक्त गुंता उचलतात. नावं एकाक्षरी केली, कंसात कंस घातले, की आपण झालो गूढ, असं त्यांना वाटतं. नवकवितेच्या पडत्या काळात मी हे पुष्कळ सोसलंय. अशांना मम्मटाची तिसरी पायरीसुद्धा मिळू नये. त्यांनी जिन्याखालीच थांबावं.

पण गुण मोठा आहे. काही कोडी सुटली की मरतात. उत्तर कळलं, पान उलटलं. ह्या वड्याचं उलट आहे. मला तो आधी फक्त फिरताना दिसला होता. उलगडून झाल्यावर मला त्यातले अठ्ठावीस हजार उतारू दिसले, वर जाणारा हात दिसला, ३० आणि १५ दिसले. कळल्यावर गंमत वाढली. आणि हे सारं गणित सरळ आहे, शाळेतलं साइन-कोसाइन. लेखकानं स्वतः २०११ साली ते सगळं उलगडून लिहून ठेवलं, म्हणजे त्याला काही लपवायचंही नव्हतं. लपंडावात लपणारा पोर पडद्याखालून पाय दिसू देतो, त्यातला हा प्रकार. ते चार परिच्छेदांचं पत्र सापडू नये म्हणून लपलेलं होतं. दुर्बोधतेच्या दोन जाती असतात, हे मला तीस वर्षांच्या परीक्षणांत एकदाही लिहायला सुचलं नाही. मम्मटाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे वडा नव्हता.

निघताना मंदारनं त्याचं स्वतःचं काम दाखवलं. त्याला वडा मराठी अक्षरांचा करायचा होता. बिचारा तिथेच अडला होता. टर्मिनल एका अक्षराला एक घर देतो, आणि आपली अक्षरं एका घरात मावणारी नाहीत. 'कि' काढायला गेला तर वेलांटी एकीकडे आणि क दुसरीकडे. जोडाक्षरांचा तर घटस्फोटच. वडा फिरायला लागला की काने-मात्रे तेल उडावं तसे चहूकडे उडत होते.

"काने-मात्रे नसलेली अक्षरं घे," मी म्हटलं. "न, म, र, ल... भारवीचं एका 'न'वर भागलं, तुझं का भागू नये? फिकट कुठलं, ठळक कुठलं, ते आपण बसवू. ठळकाला मी 'क्ष' म्हणालो असतो, पण ते जोडाक्षर आहे. 'ळ' घे. ळ चांगला भरलेला आहे."

रात्री साडेनऊपर्यंत आम्ही बाराखडी वजनावर लावत होतो. फिकटात 'ग' आधी की 'र', यावर आमचं थोडं भांडणही झालं. मध्ये शकूनं जेवणाची दोन ताटं मुकाट्यानं आणून ठेवली. त्या दोन ताटांत तिचा माझ्यावरचा विश्वास हळूहळू निवताना मला दिसत होता.

दारात तिनं मला गाठलं. "दादा, बोललास का त्याला?"

"बोललो ना."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, वड्याचं भोक जरा मोठं आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे बघितलं. आत मंदार मोठ्यानं हसत होता. पडद्यावर काहीतरी फुटलं असणार. चार महिन्यांत पहिल्यांदाच तो असा हसला, असं ती म्हणाली, आणि मग एकदम तिच्यातली आई जागी झाली.

"सोमवारी इंटरव्ह्यू आहे म्हणे त्याचा. तिथे हा वडा दाखवायला सांगू की नको?"

"दाखवू दे," मी म्हटलं. "फक्त त्यांना म्हणावं, पूर्ण बघा. मध्येच उठू नका."